सीआरपी नॉर्मल, चालल्यावर ऑक्सिजन ८६: आमवाताच्या रुग्णातल्या फुप्फुस-संसर्गाचं निदान

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई. आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान होऊन ११ वर्षं झालेली; आरएफ आणि अँटी-सीसीपी, म्हणजे आमवातात रक्तात सापडणाऱ्या अँटिबॉडी, दोन्ही भरपूर पॉझिटिव्ह. धूम्रपान कधीच नाही, मधुमेह नाही, दमा किंवा क्षय पूर्वी झालेला नाही. तक्रार ऐकायला साधी: नऊ दिवस कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी अंगात कणकण. फॅमिली डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स दिला, पण उतार पडला नाही. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, करून पाहिली, तर ती लिटरला १ मिलिग्रॅमच्याही खाली. एक्स-रेवर ‘विशेष काही नाही’ असा शेरा. रिपोर्ट बघून घरचे निर्धास्त झाले होते. धाप मात्र रोज थोडीथोडी वाढत होती.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे, यातल्या बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. लक्षणांचा क्रम, आकडे आणि निर्णयांचे पेच अशा रुग्णांत जसे समोर येतात तसेच ठेवले आहेत.)

ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णाला धाप लागली की डॉक्टरांसमोर एकदम तीन शक्यता उभ्या राहतात: संसर्ग झाला असेल, मूळ आजारच फुप्फुसात उतरला असेल, किंवा आजारावरच्या औषधानेच फुप्फुसाला इजा केली असेल. तिन्हींत खोकला, ताप, धाप तीच. सीटीवरचं चित्रही पुष्कळदा तेच. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेत स्टिरॉइड वाढवायचं असतं. पहिलीत ते आंधळेपणाने वाढवलं तर जंतूला मोकळं रान मिळतं. म्हणून अशा रुग्णात ‘आधी हे देऊन बघू, नाहीच उतार पडला तर पुढचं’ ही पद्धत मला धोक्याची वाटते. त्या बघण्यात जे चार-पाच दिवस जातात, तेवढाच वेळ अनेकदा हातात असतो.

औषधांची यादी, तारखांसकट

पहिली तपासणी म्हणजे औषधांची यादी. नुसती नावं पुरत नाहीत. मात्रा, कधी सुरू झालं, कधी वाढवलं, शेवटचा डोस कधी, सगळं लागतं. बाईंची यादी अशी निघाली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, आठ वर्षांपासून, शेवटची गोळी चार दिवसांपूर्वी. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. टोसिलिझुमॅबचं १६२ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर आठवड्याला त्वचेखाली, पाच महिन्यांपासून. आणि प्रेडनिसोलोन. ‘स्टिरॉइड घेता का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘अगदी थोडं’ असं उत्तर दिलं होतं. जुने कागद चाळल्यावर कळलं की नऊ आठवड्यांपूर्वी सांधे फार सुजले म्हणून ते रोज ३० मिलिग्रॅम सुरू झालं होतं, हळूहळू कमी करत आता १५ वर आलं होतं. आजची मात्रा थोडी असेलही, पण दोन महिन्यांची बेरीज थोडी नव्हती.

यादी एवढ्यासाठी महत्त्वाची की प्रत्येक औषध संरक्षणाची वेगळी फळी कमकुवत करतं, आणि कुठली फळी कमकुवत आहे त्यावर कुठला जंतू शोधायचा हे ठरतं. टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी औषधं क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणाऱ्या ग्रॅन्युलोमाची वीण सैल करतात. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रुग्णांतल्या क्षयाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांत क्षय फुप्फुसाबाहेर होता. म्हणजे थुंकी निगेटिव्ह आली तरी या औषधावरच्या रुग्णात क्षयाचा विषय संपत नाही. रिटुक्सिमॅब बी-पेशी संपवतं. अशा रुग्णाच्या रक्तात अँटिबॉडी शोधून संसर्ग ओळखायला जाल तर फसाल, कारण अँटिबॉडी तयार करणारेच जागेवर नसतात. तिथे जंतूचा अँटिजेन किंवा जनुकीय अंशच शोधावा लागतो. आमवातावरच्याच जॅक-रोधक नावाच्या गोळ्यांवर नागीण जास्त दिसते. आणि स्टिरॉइड, विशेषतः दुसऱ्या औषधाच्या जोडीला, न्यूमोसिस्टिस, नोकार्डिया, अ‍ॅस्परजिलस अशा एरवी बाजूला राहणाऱ्या जंतूंना आत येऊ देतं.

या बाईंच्या यादीत टी-पेशींवर घाव घालणारी दोन औषधं होती आणि सूज दाबणारं तिसरं. पांढऱ्या पेशी ९१००, त्यांत लिम्फोसाइट फक्त ५ टक्के. म्हणजे ४५५. एकूण पेशींचा आकडा ठीक दिसतो म्हणून टक्केवारीकडे दुर्लक्ष होतं. गुणाकार करून प्रत्यक्ष संख्या काढायला दहा सेकंद लागतात आणि शोधाची दिशा ठरते.

सीआरपीने काय सांगितलं नाही

सीआरपी यकृतात तयार होते आणि ती तयार करायचा मुख्य हुकूम इंटरल्युकिन-६ कडून येतो. टोसिलिझुमॅब नेमका त्याच हुकमाचा रिसेप्टर बंद करतं. त्यामुळे हे औषध अंगात असताना शरीरात मोठा संसर्ग पेटलेला असला तरी सीआरपी तळालाच राहू शकते. तापही दबतो, बाईंचा ताप ३७.६ अंशांच्या वर गेलाच नव्हता. या रुग्णात ‘सीआरपी नॉर्मल’ या रिपोर्टचं वजन शून्य होतं. दिलासा देण्यासाठी तर तो वापरूच नये, कारण दिलाशामुळे पुढच्या तपासण्या लांबतात.

(ल्युपसमध्ये हिशोब निराळा आहे. तिथे आजार उसळला तरी सीआरपी पुष्कळदा फारशी चढत नाही, फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ल्युपसच्या रुग्णात ती खूप वाढलेली दिसली तर संसर्ग आधी शोधावा. एकच तपासणी, पण आजार आणि औषध बदललं की अर्थ बदलतो.)

प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात वाढणारी रक्तातली खूण, ०.०८. याने जिवाणूंच्या मोठ्या न्यूमोनियाची शक्यता जराशी कमी झाली, इतकंच. विषाणू, बुरशी, क्षय यांच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही. हिमोग्लोबिन ११.२, महिन्यापूर्वीही तेवढंच. हा आकडा आम्ही मुद्दाम ताडून पाहिला, कारण फुप्फुसाच्या वायुकोशांत रक्तस्राव होत असेल तर खोकल्यातून रक्त न पडताही हिमोग्लोबिन घसरतं. एलडीएच, म्हणजे पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ५१२, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. एलडीएच कशानेही वाढतं, पण कोरडा खोकला, धाप आणि कमी लिम्फोसाइट यांच्या सोबतीला ते वाढलेलं दिसलं की माझं लक्ष तिथे अडतं.

सगळ्यांत जास्त सांगून गेली ती चालण्याची चाचणी. खाटेवर बसलेल्या असताना बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता. श्वास मिनिटाला २६, नाडी १०८, फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर, तीही लक्ष देऊन ऐकली तरच. ऑक्सिमीटर बोटावरच ठेवून त्यांना वॉर्डच्या कॉरिडॉरमधून चालवलं. पहिल्या काही पावलांत आकडा ९२, मग ९०. कॉरिडॉरच्या टोकाला वळताना त्यांनी भिंतीला हात टेकला आणि वाक्य अर्धवट तोडून श्वास घेतला. तेव्हा आकडा ८६ होता. बसल्यावर तो पुन्हा ९३ वर यायला दोन मिनिटं लागली. स्टेथोस्कोपने जेमतेम ऐकू येणारा, एक्स-रेवर जवळपास न दिसणारा आजार वायुकोशांच्या पातळ पडद्यात किती पसरला आहे, हे त्या चालण्याने उघड केलं. या चाचणीला ऑक्सिमीटरखेरीज यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. उभा राहू शकणाऱ्या प्रत्येक अशा रुग्णात ती करायलाच हवी.

सीटी, आणि त्यावरचा वाद

त्याच दुपारी एचआरसीटी झाला. दोन्ही फुप्फुसांत धुरकट काचेसारखी पांढुरकी छटा, मध्यभागी आणि वरच्या भागात जास्त, कडेची एक पातळ पट्टी मात्र बरीचशी मोकळी. गाठी नाहीत, पोकळी नाही, छातीत पाणी नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणाने काढलेला सीटी घरच्यांनी शोधून आणला. तो पूर्ण स्वच्छ होता. त्या जुन्या सीटीने एक मोठा प्रश्न सोडवला. आमवातात फुप्फुसांचं जाळं हळूहळू जाड होत जाण्याचा आजार असतो आणि तो अचानक भडकू शकतो. पण मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं, ओढले गेलेले श्वासमार्ग अशा जुन्या खुणा नव्या सीटीत नव्हत्या, आणि जुना तर कोरा होता. ही शक्यता खाली गेली.

उरल्या तीन. विषाणू, मेथोट्रेक्सेटमुळे होणारा न्यूमोनायटिस, आणि न्यूमोसिस्टिस जिरोवेसी या बुरशीचा न्यूमोनिया.

आमच्यात मतभेद झाले, आणि दोन्ही बाजूंना आधार होता. संधिवाततज्ज्ञांचा कल मेथोट्रेक्सेटकडे: चित्र जुळतं, औषध चालू आहे, स्टिरॉइडचा मोठा डोस आजच द्या. दुसरी बाजू अशी की मेथोट्रेक्सेटचा न्यूमोनायटिस बहुतेकदा पहिल्या वर्षभरात होतो. आठ वर्षं बिनतक्रार घेतल्यावर तो होतच नाही असं नाही, पण कमी होतो. उलट गेल्या नऊ आठवड्यांत यादीत बदल झाला तो स्टिरॉइडचा. मला हा कालक्रमाचा मुद्दा जास्त वजनदार वाटला. रुग्ण आत्ताच का आजारी पडली, याचं उत्तर आठ वर्षं न बदललेल्या औषधापेक्षा अलीकडे बदललेल्या औषधात असण्याची शक्यता मोठी.

न्यूमोसिस्टिसबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण या आजाराची आपल्या मनातली प्रतिमाच आपल्याला फसवते. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या या न्यूमोनियाची नोंद छापली आणि एड्सच्या साथीची पहिली अधिकृत खूण उमटली. पुढची अनेक वर्षं या जंतूबद्दल जे शिकलं-शिकवलं गेलं ते मुख्यतः एचआयव्हीच्या रुग्णांवरून. त्या रुग्णांत आजार आठवडेच्या आठवडे हळूहळू चढतो, फुप्फुसात जंतू खच्चून भरलेले असतात, आणि धावनाच्या द्रवावर, म्हणजे फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या पाण्यावर, साधं रंजन केलं (रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं) तरी सापडतात. ऑटोइम्यून आजारात तसं नसतं. जंतू थोडे असतात, फुप्फुसाची सूज जास्त असते, आजार काही दिवसांत उसळतो. मृत्यूचं प्रमाणही जास्त: एचआयव्हीत साधारण १० ते २० टक्के, इतर रुग्णांत बहुतेक अभ्यासांत ३० ते ५० टक्के. थोडे जंतू असतात म्हणूनच ते सापडणं अवघड, आणि उशिरा सापडतात हेही त्या मृत्यूंमागचं एक कारण आहे.

त्या संध्याकाळचे निर्णय

रक्ताचे कल्चर आधी काढले, मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. नाकातून विषाणूंचं पीसीआर पॅनल, कोविडसकट. लघवीतून न्यूमोकोकस आणि लिजिओनेलाचे अँटिजेन. रक्तातलं बीटा-डी-ग्लुकान, म्हणजे बुरशीची खूण. जी-६-पीडी या एन्झाइमची तपासणीसुद्धा त्याच नमुन्यातून पाठवली, कारण को-ट्रायमॉक्साझोल हे न्यूमोसिस्टिसवरचं औषध सोसलं नाही तर प्रायमाक्विनकडे वळावं लागेल, हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात, आणि तेव्हा हा रिपोर्ट हाताशी हवा. इग्रा, म्हणजे क्षयाच्या संसर्गाची रक्ततपासणी, मात्र पुन्हा केली नाही. टोसिलिझुमॅब सुरू करण्याआधी ती निगेटिव्ह होती. आता इतक्या कमी लिम्फोसाइटवर ती ‘अनिर्णित’ येण्याची शक्यता दाट, आणि ती सुप्त व सक्रिय क्षयात फरकही करत नाही. क्षय शोधायचा तर फुप्फुसातल्या द्रवात शोधायचा.

खरा पेच को-ट्रायमॉक्साझोलचा. न्यूमोसिस्टिसवरचं पहिल्या पसंतीचं औषध तेच. पण ते आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही फोलेटच्याच वाटेवर घाव घालतात, शिवाय को-ट्रायमॉक्साझोल मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्यात आडवं येतं. दोन्ही एकत्र पडल्याने अस्थिमज्जा बसल्याची, सगळ्या रक्तपेशी धोकादायक पातळीला गेल्याची उदाहरणं वैद्यकात पुरेशी आहेत. मेथोट्रेक्सेट त्या क्षणी बंद केलं. शेवटच्या गोळीला चार दिवस झाले होते आणि मूत्रपिंड उत्तम चालत होतं, क्रिएटिनिन ०.९, त्यामुळे रक्तातलं औषध गेलेलं असणार. पेशींच्या आत मात्र ते आठवडेच्या आठवडे टिकून राहतं. म्हणून रोज रक्तपेशी मोजायच्या अटीवर को-ट्रायमॉक्साझोल त्याच रात्री शिरेतून सुरू केलं, त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशोबाने. फोलेटची तूट भरून काढणारं फॉलिनिक अ‍ॅसिड हाताशी ठेवलं, दिलं नाही. एचआयव्हीच्या रुग्णांत ते सोबत दिल्यावर न्यूमोसिस्टिसचे उपचार जास्त वेळा फसल्याची नोंद आहे. पेशी घसरत गेल्या असत्या तर मात्र ते द्यावंच लागलं असतं.

‘उपचार आधी सुरू केले तर उद्याच्या ब्रॉन्कोस्कोपीत काय सापडणार?’ हा प्रश्न रास्त होता. जिवाणूंच्या कल्चरपुरता तो खराही आहे. अँटिबायोटिकचे दोन-चार डोस पडले की कल्चर कोरं येऊ लागतं. न्यूमोसिस्टिस मात्र उपचार सुरू झाल्यावरही कित्येक दिवस धावनाच्या द्रवात सापडतो. त्यामुळे त्याच्यासाठी उपचार रोखून धरायचं कारण नसतं. ब्रॉन्कोस्कोपी लांबवायचंही नसतं, पण ते दुसऱ्या कारणासाठी: आज दोन लिटर ऑक्सिजनवर ९६ असलेला रुग्ण परवा ब्रॉन्कोस्कोपी सोसेल याची खात्री नसते.

प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅमच ठेवलं. एकदम बंद करता येत नाही, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असतात. वाढवायचं की नाही ते सकाळच्या नमुन्यानंतर ठरवायचं, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं.

धावनाचा द्रव

सकाळी उच्च प्रवाहाच्या ऑक्सिजनवर ठेवून ब्रॉन्कोस्कोपी झाली. उजव्या मधल्या खंडात ५० मिलिलिटरचे तीन भाग सलाइन सोडून परत ओढलं. एकूण ७० मिलिलिटर हाती आलं. तिन्ही भाग वेगवेगळ्या नळ्यांत घेतले आणि उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. पहिला थोडा गढूळ, दुसरा तसाच, तिसरा किंचित निवळ. वायुकोशांत रक्तस्राव असता तर पहिल्यापेक्षा दुसरा आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा जास्त लाल झाला असता. ती शक्यता तिथेच, प्रयोगशाळेत नमुना जाण्याआधी, बाजूला पडली. फुप्फुसाचा तुकडा काढला नाही. अशा फुप्फुसात हवा गळून छातीत भरण्याचा धोका आणि मिळणारी माहिती यांचं गणित जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत एकेक रिपोर्ट येत गेला. पेशींमध्ये लिम्फोसाइट ३८ टक्के, न्यूट्रोफिल २२, इओसिनोफिल २, बाकी मॅक्रोफेज. लिम्फोसाइट वाढलेले पाहून मेथोट्रेक्सेटच्या बाजूचं मत पुन्हा बळावलं. पण न्यूमोसिस्टिसमध्येही ते वाढतात. पेशींच्या या गणतीने दोघांत निवाडा होत नाही. नाकातलं विषाणू पॅनल आणि लघवीतले अँटिजेन निगेटिव्ह. क्षयाची जनुकीय तपासणी (जीनएक्सपर्ट) निगेटिव्ह. अ‍ॅस्परजिलस बुरशीचा अँटिजेन गॅलॅक्टोमॅनन ०.३, म्हणजे अ‍ॅस्परजिलसला आधार नाही. सायटोमेगॅलो विषाणूचा पीसीआर अगदी हलका पॉझिटिव्ह, रक्तात मात्र निगेटिव्ह. हा विषाणू प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या फुप्फुसात नुसता झिरपत असतो. सापडला म्हणून तोच दोषी ठरत नाही. त्याच्यावर उपचार केले नाहीत.

आणि मग मुख्य रिपोर्ट. सिल्व्हर रंजनात न्यूमोसिस्टिस दिसला नाही. पीसीआर पॉझिटिव्ह आला.

इथेच बहुतेक चर्चा अडकते. पीसीआर इतका तीक्ष्ण असतो की आजार न करता फुप्फुसात नुसते वस्तीला असलेले मोजके जंतूही पकडतो, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या, फुप्फुस आधीच खराब असणाऱ्या माणसांत अशी वस्ती असते. मग रंजन निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह याचा अर्थ काय लावायचा? एचआयव्हीच्या रुग्णात मी ‘बहुधा आजार नाही’कडे झुकलो असतो. इथे नाही. या गटात जंतूच कमी असल्यामुळे रंजन निगेटिव्ह येणं हे अपेक्षितच आहे. त्याने निदान मोडत नाही. पीसीआरचा निर्णय दुसऱ्या साक्षीदारावर सोपवावा लागतो, आणि तो साक्षीदार रक्तात होता. बीटा-डी-ग्लुकान ५०० पिकोग्रॅमच्या वर. नेहमीच्या किटची मर्यादा ८०. हे ग्लुकान न्यूमोसिस्टिसच्या कवचाचा घटक आहे. नुसत्या वस्तीला असलेल्या जंतूंनी ते रक्तात इतकं चढत नाही. इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, काही प्रकारचं डायलिसिस, शस्त्रक्रियेतलं गॉज यांनी आकडा खोटा वाढतो. बाईंना यांपैकी काहीच मिळालं नव्हतं. दुसरा नमुना पाठवला, तोही तेवढाच आला. कॅन्डिडा किंवा अ‍ॅस्परजिलसही हे ग्लुकान सोडतात, पण रक्ताचं कल्चर, गॅलॅक्टोमॅनन आणि सीटी यांतलं काहीच त्यांच्या बाजूने बोलत नव्हतं.

काटेकोर व्याख्येप्रमाणे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तरच निदान ‘सिद्ध’. पीसीआर आणि ग्लुकानवर ते ‘संभाव्य’. संशोधनासाठी हा भेद हवाच. खाटेवरच्या रुग्णासाठी एवढा पुरावा पुरेसा होता.

पुढचे तीन आठवडे

दुसऱ्या संध्याकाळी, बाहेरून ऑक्सिजन न देता मोजलेला, धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६४ मिलिमीटरवर आला. एचआयव्हीच्या रुग्णात तो ७० च्या खाली गेला की स्टिरॉइड द्यायचं, हे पक्कं ठरलेलं आहे. इतर रुग्णांत पुरावा तितका एकमुखी नाही. आम्ही दिलं, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवसांनी निम्मं, मग उतरती मात्रा. जंतूवरचं औषध आधीच चालू होतं आणि नमुने घेऊन झाले होते, त्यामुळे हे पाऊल अंधारात नव्हतं. पहिल्या रात्री, काहीही न तपासता, हाच डोस दिला असता तर गोष्ट वेगळी होती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कल्चर कोरे आल्यावर थांबवलं.

चौथ्या दिवसापर्यंत सुधारणा दिसली नाही. हे सांगून ठेवायला हवं, कारण न्यूमोसिस्टिसमध्ये पहिले चार-पाच दिवस प्रकृती तिथेच राहते, कधी जरा बिघडतेही, आणि नेमक्या त्याच वेळी औषध बदलायचा मोह होतो. सहाव्या दिवशी ऑक्सिजन कमी करता आला. त्याच दिवशी पोटॅशियम ५.७ झालं. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळीत सोडियमची वाट अडवतं आणि पोटॅशियम आत साठतं. मोठ्या मात्रेत हे इतकं नेहमीचं आहे की रोज न मोजणं परवडत नाही. प्लेटलेट २.६ लाखांवरून आठव्या दिवशी १.४ लाख. मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅमवर आणली. कमी मात्रेनेही निकाल तितकेच चांगले येतात, असं निरीक्षणात्मक अभ्यासांचं एकत्रित चित्र आहे. दोन्ही आकडे सावरले. बाराव्या दिवशी त्याच कॉरिडॉरमध्ये चालताना ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला नाही. एकूण २१ दिवस उपचार झाले, शेवटचे गोळ्यांवर.

बीटा-डी-ग्लुकान पाचव्या आठवड्यातही वाढलेलंच होतं. ते बऱ्या झालेल्या रुग्णातही सावकाश उतरतं, म्हणून उपचार किती दिवस द्यायचे हे त्यावर ठरवू नये. क्षयाचं कल्चर सहा आठवड्यांनी निगेटिव्ह म्हणून बंद झालं.

मेथोट्रेक्सेटचाही थोडा हात होता का? हा प्रश्न आमच्यात उघडाच राहिला. को-ट्रायमॉक्साझोल आणि स्टिरॉइड दोन्ही मिळाल्यावर रुग्ण सुधारली, त्यामुळे सुधारणेवरून कारण वेगळं काढता येत नाही. ग्लुकान आणि पीसीआर संसर्ग दाखवतात. सोबत औषधाची इजा नव्हतीच, असं ते सांगू शकत नाहीत. पुन्हा देऊन बघणं हा एकमेव थेट पुरावा ठरला असता, आणि तो घेण्यासारखा नव्हता. मेथोट्रेक्सेट कायमचं बंद झालं.

हा न्यूमोनिया टाळता आला असता का? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०२२ च्या शिफारशींत प्रेडनिसोलोन रोज १५ ते ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, दोन ते चार आठवड्यांहून अधिक काळ, त्यातही दुसऱ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधासोबत असेल, तर प्रतिबंधक औषधाचा विचार करायला सांगितलं आहे. ३० मिलिग्रॅम सुरू झालं त्या दिवशी बाई या चौकटीत बसत होत्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना को-ट्रायमॉक्साझोल द्यायला हात कचरतो, हे समजण्यासारखं आहे. पण प्रतिबंधक मात्रा उपचाराच्या मात्रेच्या मानाने खूप लहान असते आणि रक्तपेशींवर नजर ठेवून ती देता येते. तेही नको असेल तर अ‍ॅटोव्हाक्वोनचा पर्याय आहे, त्याची मेथोट्रेक्सेटशी अशी टक्कर होत नाही. माझं मत असं की स्टिरॉइड वाढवण्याची चिठ्ठी लिहिली जाते त्याच बैठकीत लिम्फोसाइटची संख्या पाहून हा निर्णय लिहून टाकावा, हो किंवा नाही, कारणासकट.

सहाव्या आठवड्यात स्टिरॉइड १० मिलिग्रॅमच्या खाली येताच मनगटं पुन्हा सुजली. टोसिलिझुमॅब परत सुरू केलं नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लहान मात्रेचं प्रेडनिसोलोन यांवर तीन महिने काढले, को-ट्रायमॉक्साझोल प्रतिबंधक मात्रेत चालूच. दहाव्या आठवड्याच्या सीटीत फुप्फुसं मोकळी झाली होती, उजव्या वरच्या खंडात दोन-तीन बारीक रेषा तेवढ्या उरल्या. चौथ्या महिन्यात सांध्यांसाठी अ‍ॅबॅटासेप्ट सुरू झालं. बाईंच्या कागदपत्रांत आता औषधांच्या तारखांची एक वेगळी फाइल असते, आणि घरी ऑक्सिमीटर आहे. धाप लागली तर बसून नव्हे, चालून आकडा बघायचा आणि तोच डॉक्टरांना फोनवर सांगायचा, हे त्यांच्या मुलीने शिकून घेतलं आहे.